चार पोती

बुधवार, रात्री साडेनऊ

दुपारी वळीव आला आणि मार्केट यार्डातल्या आमच्या गोदामाचा पत्रा नेहमीच्या जागी गळायला लागला. खाली हळदीची थप्पी. हमाल जेवायला बसलेले. मी हाक मारायच्या आत आण्णा डबा तसाच ठेवून उठले, हात धुऊन सदऱ्याला पुसले आणि वरची चार पोती कोरड्यात घेतली. एकाचं तोंड उसवून हळकुंडं चाचपली. "कोरडी हायेत, ताई." ओल लागली की बुरशी धरते, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. या उचलीची हमाली त्यांनी मागितली नाही.

मेयर आणि ॲलन या अभ्यासकांनी १९९१ मध्ये नोकरीला धरून राहण्याची तीन कारणं मांडली: जीव लागलाय, सोडणं परवडत नाही, सोडणं बरं दिसत नाही. २००२ मध्ये मेयर आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र ताडून पाहिले. न सांगता केलेल्या मदतीशी सगळ्यात घट्ट नातं पहिल्याचं निघालं. दुसऱ्याचं जवळजवळ नाहीच.

दुसरं मी जगलेय. आधीच्या नोकरीत पाच वर्षं होते ती फक्त घराच्या हप्त्यासाठी. काम चोख करायचे. पण एक नवीन मुलगी, हिशोब जुळेना म्हणून रडवेली होऊन टेबलापाशी आली, तेव्हा "ते माझ्याकडं नाही" म्हणून मी मान खाली घातली. दहा मिनिटांचं काम होतं. अजून सलतं.

इथं मी तशी वागत नाही, आणि माणूस म्हणून काही मी बदललेली नाही. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आण्णांचं घर पाण्यात होतं. मालकांनी वरचा मजला त्यांच्या कुटुंबाला मोकळा करून दिला. पाणी ओसरून घर धुऊन होईपर्यंत सगळे तिथंच जेवले. आण्णा त्याला उपकार म्हणत नाहीत, आणि फेडल्यासारखं तर मुळीच वागत नाहीत. "आपली पेढी" म्हणतात, बस्स. तो शब्द मला फार मोलाचा वाटतो.

म्हणूनच पत्र्याचा राग येतो. तिसरा पावसाळा आला, अजून गळतोय. आण्णा आहेत म्हणून दुरुस्ती पुढं ढकलायची, हे बरोबर नाही. उद्या मालकांना स्पष्ट सांगणार आहे. आणि चार पोत्यांची हमाली आण्णांच्या नावावर मांडणार आहे.