फिटर ट्रेडची दोन वर्षे

चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात दहावी झालेल्या प्रत्येक मुलाच्या कानावर आयटीआयचे नाव पडलेले असते, कारण घुग्घुसचा कोळसा, गडचांदूर-आवारपूरचे सिमेंट आणि बल्लारपूरचा कागद यांच्या मधोमधच आमची कापसाची गावे आहेत. मात्र तिथे प्रवेश कसा मिळतो आणि आत गेल्यावर काय करावे लागते, हे सांगणारे घरात सहसा कोणी नसते. मी जिल्ह्यातल्याच एका औद्योगिक गावातील शासकीय आयटीआयमधून फिटर ट्रेड, म्हणजे यंत्रांचे भाग जोडण्या-दुरुस्तीचा अभ्यासक्रम, पूर्ण केला, तो अनुभव येथे मांडत आहे.

प्रवेश राज्यभरासाठी एकाच संकेतस्थळावरून होतो. अर्ज भरणे अवघड नाही. कागदपत्रे जुळवणे अवघड आहे. निकाल लागतो तेव्हा पेरणीची घाई असते, घरचे सगळे शेतावर असतात आणि त्याच दिवसांत तालुक्यातील सारी मुले दाखल्यांसाठी सेतू केंद्रासमोर उभी असतात. त्यामुळे नॉन-क्रिमीलेअर आणि अधिवासाचा दाखला यांसाठी निकालाची वाट पाहू नये, परीक्षा संपताच अर्ज टाकावा. ऑनलाइन अर्ज भरल्यानंतर मूळ कागदपत्रे आयटीआयमध्ये दाखवून तो निश्चित करून घ्यावा लागतो. निश्चित न केलेला अर्ज गुणवत्ता यादीत येतच नाही आणि गुण चांगले असूनही मुले घरी बसतात ती बहुतेक इथेच.

त्यानंतर विकल्प भरायचे असतात, म्हणजे कोणती संस्था व कोणता ट्रेड हवा, हे पसंतीच्या क्रमाने नोंदवायचे असते. आमच्याकडे पहिला विकल्प इलेक्ट्रिशियनचाच टाकायचा, असा जणू नियम आहे. निदान घरची वायरिंग तरी करता येईल, असे बाबांचेही म्हणणे होते. मी फिटर पहिला टाकला, तो गावातल्या कंत्राटी कामगारांशी बोलून. सिमेंट कारखान्याची भट्टी दुरुस्तीसाठी बंद होते तेव्हा ठेकेदार ज्यांना शोधत गावोगाव फिरतात, त्यांत फिटर आणि वेल्डर आधी असतात, कारण बेअरिंग, कपलिंग, कन्व्हेयर हे सगळे हातानेच उघडून पुन्हा बसवायचे असते. शिवाय पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावी लागते, नाहीतर पुढील फेऱ्यांतून नाव बाद होते. म्हणून जे खरोखर शिकायचे आहे तेच पहिल्या क्रमांकावर लिहावे. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, तरी आमच्या तुकडीत मुली अगदी मोजक्याच होत्या.

खरा कस लागला तो कार्यशाळेत. यंत्रे पहिल्या दिवसापासून हाताळायला मिळतील असे वाटले होते, पण सुरुवातीचे कितीतरी आठवडे हातात फक्त कानस होती आणि व्हाइसमध्ये, म्हणजे घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यात, लोखंडाचा एक चपटा तुकडा. त्याला तिथे जॉब म्हणतात. तो घासून सपाट आणि काटकोनात आणायचा, एवढेच काम. हे ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात कानस पुढे ढकलताना हात झोका खातो, तुकड्याच्या कडा खाली जातात आणि मध्ये फुगवटा राहतो. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून जॉब खिडकीकडे धरला की फटीतून उजेड दिसतो, आणि जिथे उजेड दिसत नाही तिथेच अजून घासायचे असते, कारण उंचवटा तिथे असतो. आमचे निदेशक मागे येऊन उभे राहत आणि म्हणत, "येताना जोर कायले लावतं? दात पुढं जातानाच कापतात." कानशीच्या दातांत लोखंडाचा कीस अडकला की पृष्ठभागावर ओरखडे पडतात, म्हणून दातांवर आधी खडू घासायचा आणि अधूनमधून तारेच्या ब्रशने ते साफ करायचे. घामेजल्या हाताचा जॉब तेल न लावता ठेवला तर दुसऱ्या दिवशी त्यावर बोटांचे तांबूस ठसे उमटलेले असतात. पावसाळ्यात तर हे हमखास होते.

पुढे ड्रिलिंग, टॅपिंग (भोकात आटे पाडणे), आणि मग एकमेकांत बसणारे दोन भाग बनवायचे जॉब आले. ०.०२ मिमीपर्यंत वाचणारा व्हर्निअर, म्हणजे बारीक मापे घ्यायचे साधन, हातात आल्यावर, ज्या सपाटपणाचा आपल्याला अभिमान होता तो किती ओबडधोबड आहे, हे कळते. माझ्या मते कानशीवर घालवलेला वेळ मुळीच जास्त नव्हता. ज्यांनी तो टाळला त्यांचे जोडकामाचे जॉब शेवटपर्यंत खडखडत राहिले.

हजेरी हा गावाकडच्या मुलांसाठी वेगळाच विषय आहे. परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते आणि आमची सकाळची एसटी पावसात नाल्याला पूर आला की येत नसे. विद्यार्थी पासमुळे एक तृतीयांश भाड्यात प्रवास होतो, पण गाडीच आली नाही तर पासचा उपयोग काय? कापूस वेचणीच्या दिवसांत घरी थांबण्याचा आग्रह होतो. मी बाबांना हजेरीचा आकडा समोर बसून समजावून सांगितला आणि वेचणी रविवारपुरती केली.

वार्षिक परीक्षेत लेखी भाग संगणकावर असतो, बहुपर्यायी प्रश्नांचा. त्यात ३३ टक्के पुरतात, प्रात्यक्षिकात मात्र ६० टक्के लागतात. मुले लेखीचे प्रश्नसंच पाठ करण्यात शक्ती घालवतात आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी ड्रॉइंग नीट न वाचता थेट करवत चालवतात. आधी मापे आखून, पंच मारून, ती पुन्हा तपासूनच कापायला घ्यावे; त्यासाठी दिलेली मिनिटे वाया जात नाहीत.

निकालानंतर शिकाऊ उमेदवारीची नोंदणी केली. ही व्यवस्था १९६१ च्या कायद्यानुसार चालते, नोंदणी ऑनलाइन असते आणि कारखान्याशी करार झाल्यावर दरमहा विद्यावेतन मिळते. आयटीआयच्या गुणपत्रिकेतील नाव, आधार आणि बँक खाते यांतील स्पेलिंग एकसारखे नसेल तर काम तिथेच अडते, त्यामुळे हे प्रवेशाच्या वेळीच जुळवून घ्यावे. सध्या मी एका कारखान्याच्या देखभाल विभागात शिकाऊ आहे. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. शिकाऊ उमेदवारी संपली की तो भरायचा विचार आहे.