स्थळ पाहिल्यापासून घरात तोच विषय

डिसेंबर, रविवार, रात्री उशिरा

आज लिहूनच झोपायचं. उद्या वेचणीला बाया येणार, मग डोक्यातलं सगळं वावरातच राहून जाईल.

काल रात्री शेवटी स्थळ हा सिनेमा पाहिला. जयंत सोमलकर यांचा, 7 मार्च 2025 ला थिएटरात आला होता तेव्हा जायचं राहिलं, आमच्या गावातून जिल्ह्याला जाऊन सिनेमा पाहून परत यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी, गाडीचं पेट्रोल आणि घरी म्हशीचं कोण पाहणार हे सगळं आलं. काल दिराने मोबाईल टीव्हीला जोडून दिला. सासूबाई, मामाजी (म्हणजे सासरे), दीर, नणंदेची पोरगी (सध्या आमच्याकडेच आहे, एमपीएससीचा अभ्यास करते) आणि मी. नवरा रात्रपाळीत ओलिताला गेला होता, विजेची लाईन रात्रीचीच असते ना सध्या. तुरीच्या शेंगांचं टोपलं मधे ठेवलं आणि सोले काढता काढता पाहायचं ठरलं.

सोले निघालेच नाहीत. अर्ध्या तासाने पाहते तर सगळ्यांचे हात थांबलेले.

हा सिनेमा आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात शूट झालाय, आणि त्यात काम करणारे बरेचसे लोक तिथलेच, आधी कधी कॅमेऱ्यासमोर न आलेले. नंदिनी चिकटे नावाची पोरगी सविता झालीय. 2023 ला टोरंटोच्या फेस्टिवलमधे त्याला नेटपॅकचं (आशियाई सिनेमांसाठीचं) बक्षीस मिळालं होतं, तेव्हा पेपरमधे वाचलेलं. पण बक्षिसापेक्षा मला ते घर पाहून जे वाटलं ते जास्त मोठं होतं. ती सपरी, तो टांगलेला कापडाचा झोला, पाव्हणे येणार म्हणून शेजारून आणलेल्या खुर्च्या, आतल्या खोलीत बायांची कुजबुज. कुठेच काही सजवून ठेवलंय असं वाटत नाही. सासूबाई म्हणाल्या, "हे तं आपल्या मावसबहिणीचं घर हाये!" आणि खरंच पाच मिनिटं त्यांना ते पटवून द्यावं लागलं की ते त्यांचं घर नाही.

गोष्ट साधी आहे. सविताला पाहायला पाव्हणे येतात, ती पाटावर येऊन बसते, समोर सगळे पुरुष, आणि प्रश्न. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, आवड कशाची, वावरातलं काम येते का. मग ते जातात, निरोप येतो, रंग सावळा, उंची कमी. मग परत दुसरे पाव्हणे आणि परत तेच. ती समाजशास्त्र शिकते, तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, तिकडे कॉलेजात स्त्री सबलीकरणावर लेक्चर चालू आणि इकडे घरी पोह्यांची तयारी. बाप कापसाचा शेतकरी, भाव पडलेला, आणि हुंड्याची जुळवाजुळव डोक्यावर. शेवट लिहीत नाही, ज्यांनी नाही पाहिला त्यांनी पाहा, खरंच पाहा.

मला सर्वात जास्त काय लागलं सांगू का, दरवेळेस तेच प्रश्न त्याच क्रमाने येतात ते. पहिल्यांदा आपण हसतो, दुसऱ्यांदा पण थोडं हसतो, आणि मग एका ठिकाणी हसू बंद होते आणि कधी झालं ते कळतही नाही. माझ्या वेळेस मी पण अशीच बसलेली, मान खाली, आणि पाटासमोर एका माणसाच्या पायातला सॉक्स अंगठ्यावर फाटलेला होता तेवढंच मला दिसत होतं. त्याचा चेहरा आजही आठवत नाही, सॉक्स आठवतो. सिनेमातही ती पोरगी समोर बघते तेव्हा कॅमेरा त्या माणसांवर जास्त फिरत नाही, तिच्यावरच थांबतो, आणि ते इतकं बरोबर आहे की ज्याने हा सीन लिहिला त्याने घरातल्या बायांना नीट विचारलं असणार असं मला वाटलं.

मामाजींचं पाहणं वेगळंच. ते पूर्ण वेळ कापसाकडे पाहत होते. कापूस घरात भरून ठेवलाय, भाव वाढेल म्हणून थांबलेत, हे आलं तसे ते खाटेवरून उठून पुढे येऊन बसले. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव 8110 रुपये होता, पण त्यासाठी आधी कपास किसान ॲपवर नोंदणी, मग ओलावा 12 टक्क्यांच्या आत पाहिजे, आणि घरात लग्न निघालं असेल तर एवढं थांबायला कोणाजवळ वेळ असतो, जो येईल त्या खासगी व्यापाऱ्याला देऊन मोकळं व्हावं लागते. मामाजी म्हणाले, "सिनेमावाल्यानं हे तं बरोबर धरलं, पोरीचं लगन अन् कापसाचा भाव एकाच हप्त्यात येते." हे कोणत्या समीक्षकाने लिहिलेलं मी तरी वाचलं नाही, पण सिनेमाचं अर्धं सार तेच आहे.

भाषेबद्दल लिहायलाच पाहिजे. आपली बोली टीव्हीवर आली की लोक हसायला तयारच बसतात. चला हवा येऊ द्या मधे भारत गणेशपुरे बोलायचे तेव्हा आम्हीही पोट धरून हसायचो, अमरावतीकडचा माणूस एवढा मोठा झाला याचा अभिमान पण आहे आणि ते गुणी आहेतच. पण वऱ्हाडी बोलणारा म्हणजे विनोदच करणार हे इतकं पक्कं बसलं की पुण्याला शिकायला गेलेल्या आमच्या पोरांनी तोंड उघडलं की मुलं हसतात, हे भाचीने स्वतः अनुभवलंय. माझ्या नवऱ्याची बायको या सिरीयलमधली नागपूरची राधिका गावातल्या बायांना एवढी आवडायची (2016 ते 2021, कितीतरी घरी तेव्हा जेवणं सिरीयलच्या टायमावर व्हायची) ती यासाठीच, की ती आपल्यासारखी बोलून रडायची पण, भांडायची पण, धंदा पण करायची. अनिता दाते तर नाशिकच्या, तरी बायांनी त्यांना आपली लेक मानलं. पण त्यातही नवरा तिला गावंढळ म्हणून हिणवतोच, म्हणजे गोष्ट तिथूनच सुरू होते. स्थळ मधे मात्र कोणीच कोणाला भाषेवरून काही म्हणत नाही. सगळेच तसे बोलतात, हुंडा मागणारा पण आणि प्रेम करणारा पण. मला हे फार हवं होतं, किती वर्षांपासून हवं होतं ते काल समजलं.

रोजच्या सिरीयलींबद्दल माझं मन कडू नाही. ठरलं तर मग आमच्याकडे रोज लागते. पूर्णाआजी करणाऱ्या ज्योती चांदेकर ऑगस्ट 2025 मधे गेल्या तेव्हा शेजारच्या काकू आमच्या ओट्यावर बसून घरचं माणूस गेल्यासारख्या रडल्या होत्या, नंतर रोहिणी हट्टंगडी आल्या तर पहिले काही दिवस काकू टीव्हीकडे पाहायच्याच नाही, मग हळूहळू पाहायला लागल्या. इतकं प्रेम करणारे प्रेक्षक मिळाले आहेत तर त्या प्रेक्षकांच्या घरासारखं एक तरी घर दाखवा ना. सासूबाईंचा प्रश्न रोजचा आहे, ह्या एवढ्या मोठ्या वाड्यात भांडे कोण घासते व? त्याचं उत्तर आजवर एकाही सिरीयलने दिलेलं नाही.

दशावतार सिनेमा पण पाहिलाय आम्ही, त्याचं एवढंच लिहिते की दिलीप प्रभावळकर ऐंशीच्या वर गेलेला माणूस आणि ते काम, हात जोडावे वाटतात. गोष्ट कोकणची, पण खाणीसाठी जंगल जाते म्हटल्यावर आमच्या इकडे कोणाला समजावून सांगायची गरज पडली नाही, कोळशाच्या खाणी इथून काय लांब आहेत. आणि माझं माहेर ब्रह्मपुरीकडचं, झाडीपट्टीतलं, दिवाळी झाली की रात्र रात्र नाटकं पाहूनच आम्ही मोठे झालो, त्यामुळे नट म्हातारा होतो आणि तरी रंग लावतो हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. तिकडे प्रेक्षक शाल पांघरून पहाटेपर्यंत बसतात आणि नाही आवडलं तर सकाळी चहाच्या टपरीवर नटाच्या तोंडावर सांगतात. टीव्हीवाल्यांना असं सांगणारं कोणी भेटत नसेल.

आता आजचा वाद.

गावातल्या पोट्ट्यांनी आज पारावर दिराला म्हटलं की स्थळ स्लो आहे, त्यात काही होतच नाही. ह्याच पोट्ट्यांनी 2025 च्या फेब्रुवारीत पिकअप भरून जाऊन छावा पाहिला होता आणि रडत परत आले होते, ते रडणं मी चूक म्हणत नाही, माझ्याही डोळ्यात पाणी आलं होतं. पण म्हणून एका पोरीला पाचसहा वेळा पाटावर बसवून नाही म्हणतात यात काहीच होत नाही? तुमच्या बहिणीला विचारा एकदा काय होते ते. मी हे दिराला सांगितलं की त्यांना सांग.

तर दीर म्हणतो, "वहिनी, तो सिनेमा दहा वर्षं जुन्या गोष्टीचा हाये. आता पोरगी नाही बसत पाटावर, आता आमी बसतो." आणि त्याचं खोटं नाही. तो बत्तीसचा झाला, पाच एकर आहे, ओलीत आहे, तरी स्थळं परत जातात. पोरीचे बाप विचारतात नोकरी आहे का, चंद्रपूरला नाहीतर नागपूरला घर आहे का, सातबाऱ्यावर किती नावं आहेत. आमच्या एकट्या गावात तिशी ओलांडलेली कितीतरी पोरं अशीच बसलीत आणि त्यांच्या आया कोणाच्या लग्नाला गेल्या की तोंड लपवतात. सिनेमाची सुरुवात एका स्वप्नाने होते, त्यात बाया बसल्यात आणि पोराला प्रश्न विचारतात. दीर म्हणाला की ते स्वप्न नाही, माझ्यासोबत झालंय.

मला त्याचं वाईट वाटलं, मनापासून वाटलं, आणि यावर कोणीतरी सिनेमा काढायलाच पाहिजे, शेतकरी पोराच्या लग्नावर, विनोदी नाही, खराखुरा. पण मी गप्प नाही बसले. मी म्हटलं भाऊजी, तुम्हाला विचारलं ते तुमच्या वावराबद्दल, तुमच्या तोंडाच्या रंगाबद्दल नाही. तुम्ही खुर्चीवर बसले होते, चहा पीत होते, आणि तुम्ही विचारलंच होतं ना आम्हाला घरी येऊन की पोरगी उजळ आहे का म्हणून.

तो चिडला. भाची मधेच म्हणाली, "मामा, तुमाले नाही म्हणणारा बी पोरीचा बापच हाये. पोरीले कोणं विचारलं?"

यावर सासूबाई, मामाजी, दीर, सगळे एकदम बोलायला लागले, आणि अजूनही बाहेर सपरीत बोलणं चालूच आहे. सासूबाईंचं म्हणणं, पुढच्या रविवारी नणंदेला आणि जावयाला बोलवायचं आणि त्यांना हा सिनेमा दाखवायचा, भाचीची परीक्षा होईपर्यंत पाव्हणे आणू नका हे सांगायला. मामाजी म्हणतात जावई सिनेमा पाहून ऐकणारा माणूस नाही. मी म्हणते, लावून तर पाहू.