टाय-बेसवरून सुटलेलं झिरकोनिया पुन्हा बसवताना : माझा अनुभव

ऐन पावसाळ्यात आमच्या दातांच्या लॅबकडे एका दंतवैद्य मॅडमचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. इम्प्लांटवरचा, म्हणजे हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या कृत्रिम मुळावरचा, वरचा पुढचा दात कणीस खाताना पेशंटच्या हातात आला होता, क्राउन (दिसणारी दाताची टोपी) आणि झिरकोनिया अबटमेंट (क्राउनला आतून धरणारा सिरॅमिकचा आधार) दोन्ही एकत्र. खाली विचारलं होतं, "दादा, स्क्रू सैल झाला असेल का?"

मी उलट विचारलं, "तोंडात काय शिल्लक आहे?" टायटॅनियमचा भाग जागेवर आहे आणि तसूभरही हलत नाही, असं त्यांनी कळवलं. मग स्क्रूचा प्रश्नच उरला नाही. सुटला होता तो टायटॅनियम आणि झिरकोनियामधला जोड, आणि तो जोड लॅबमध्ये होतो. हे काम आमच्या लॅबचं नव्हतं, पण दुरुस्ती आमच्याकडे आली.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुढच्या दातांत हिरडी पातळ असली तर धातूची राखाडी छटा बाहेरून दिसते, म्हणून अबटमेंट पांढऱ्या झिरकोनियाचं करतात. पण झिरकोनिया थेट टायटॅनियमच्या इम्प्लांटमध्ये बसवलं तर ते कठीण असल्यामुळे चावताना होणाऱ्या बारीक हालचालीत इम्प्लांटचंच तोंड झिजवतं. म्हणून मध्ये टायटॅनियमचा छोटा तयार तुकडा घालतात, तो टाय-बेस. इम्प्लांटमध्ये धातूवर धातू बसतो आणि वर झिरकोनिया रेझिन सिमेंटने चिकटवतात. सगळी भिस्त त्या सिमेंटच्या पातळ थरावर.

दोन्ही भाग हातात आले तेव्हा मी आधी भिंगाखाली धरून पाहिले. सुटलेला जोड काय झालं ते स्वतःच सांगतो, फक्त सिमेंट कुठे राहिलंय ते बघायचं. इथे सगळं सिमेंट झिरकोनियाच्या आत होतं, अखंड, टोपीच्या अस्तरासारखं. टाय-बेस मात्र चकचकीत, कारखान्यातल्या मशीनच्या बारीक रेषाही जशाच्या तशा. म्हणजे सिमेंटने झिरकोनिया घट्ट धरलं होतं आणि टायटॅनियमला ते चिकटलंच नव्हतं. त्या बेसवर कधी ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक कण मारून पृष्ठभाग खरबरीत करणं, झालंच नसावं.

मला हे वारंवार दिसतं. झिरकोनियाला काही चिकटत नाही, हे आपण इतकं ऐकलेलं असतं की सगळी काळजी त्याच्यासाठी खर्च होते. टायटॅनियम तर धातू, त्याला काय होतंय, असं म्हणून बेस पाकिटातून काढला की थेट सिमेंट लावलं जातं. मग डॉक्टर सिमेंटची कंपनी बदलतात. सिमेंट बिचारं निर्दोष असतं.

मॅडमचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता: तेच परत चिकटवून मिळेल का? मी नको म्हटलं. बेसची उंची जेमतेम 3.5 मिलिमीटर होती आणि वरचा दात लांब. पकडायला जागा कमी आणि वर तरफ मोठी. त्या इम्प्लांटसाठी उंच बेस मिळत होता, आणि दात लांब असल्यामुळे तो मावतही होता. नवा बेस, त्यावर नवं अबटमेंट, नवा क्राउन असं ठरलं. पेशंटला खर्च पडला, पण तेच परत चिकटवून वर्षभराने पुन्हा सुटलं असतं तर जास्त पडला असता.

डिझाइनमध्ये सिमेंटसाठी 30 ते 50 मायक्रॉनच्या आसपास जागा सोडतो. झिरकोनिया खडूसारखं मऊ असताना मिल होतं, मग भट्टीत 1500 अंश सेल्सिअसच्या आसपास तापून साधारण पाचव्या हिश्श्याने आकसतं. सॉफ्टवेअर तो हिशेब आधीच धरतं, तरी भट्टीतून निघाल्यावर प्रत्येक तुकडा बेसवर घालून पाहावाच लागतो. तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे आणि बसल्यावर डुगडुगता कामा नये. घट्ट वाटलं म्हणून अंगठ्याने दाबायचं नाही, झिरकोनिया आतून ताण सहन करत नाही. जिथे अडतंय तेवढंच पाणी सोडून बारीक डायमंडने काढायचं. बसल्यावर दोन्हींवर बाहेरून मार्करची एक सरळ रेघ ओढून ठेवतो, सिमेंट लावल्यावर दिशा शोधत बसायला वेळ नसतो.

मग हे न चिकटवताच मॅडमकडे ट्रायलला गेलं. आकार, हिरडीवरचा दाब, रंग सगळं ठीक निघालं. परत आलं ते अर्थातच लाळ लागून. लाळेतले फॉस्फेटवाले घटक झिरकोनियाला चिकटून बसतात आणि पाण्याने जात नाहीत. पुष्कळ क्लिनिकमध्ये अशा वेळी हात फॉस्फोरिक ॲसिडच्या सिरिंजकडे जातो, कारण दातावर तेच वापरायची सवय असते. झिरकोनियावर ते नेमकं उलटं पडतं, कारण ॲसिडमधला फॉस्फेटही तीच जागा अडवून बसतो जी पुढे प्रायमरला (सिमेंटआधी लावायच्या, चिकटण्यासाठीच्या द्रवाला) हवी असते. ट्रायलनंतर ॲसिड लावू नका, असं मी आधीच कळवलं होतं. आमच्याकडे ब्लास्टिंगमध्ये हा थर निघून जातो. ब्लास्टिंग करणार नसाल तर यासाठीच मिळणारी क्लीनिंग पेस्ट वापरावी.

माझ्या मते खरं काम ब्लास्टिंगचं, बाकीचं नंतर. लॅबमधल्या मोठ्या ब्लास्टरमध्ये वाळू फिरून फिरून वापरली जाते आणि त्यात इन्व्हेस्टमेंटची (ओतकामाच्या साच्याची) पूड, धातूचे कण, सगळं मिसळलेलं असतं. या कामाला ती चालत नाही. ताजी 50 मायक्रॉनची ॲल्युमिना, तीही बारीक नोझलच्या पेन्सिल ब्लास्टरमध्ये. ग्लास बीड्स तर नकोतच, ते पृष्ठभाग खरबरीत करण्याऐवजी गुळगुळीत करतात. शिवाय पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं आणि कधी तेलाचा अंशही हवेबरोबर येतो. म्हणून आधी टाकी रिकामी केली आणि नोझलची हवा स्वच्छ आरशावर सोडून बघितली. आरशावर एक जरी ठिपका उमटला तरी फिल्टर बदलल्याशिवाय पुढे जात नाही.

बेस ॲनालॉगवर, म्हणजे इम्प्लांटच्या लॅबमधल्या प्रतिकृतीवर, स्क्रूने घट्ट केला, म्हणजे इम्प्लांटमध्ये जाणारी बाजू झाकली जाते आणि धरायला दांडाही मिळतो. स्क्रूचं भोक मेणाने बंद केलं. बेसचा खालचा, हिरडीत राहणारा भागही मेणाने झाकला, कारण तो गुळगुळीतच राहायला हवा, खरबरीत झाला तर तिथे घाण साचते. चिकटणारा भाग काळ्या मार्करने रंगवला आणि 2 बारच्या दाबाने, सेंटिमीटरभर अंतरावरून, बेस फिरवत काळा रंग पूर्ण जाईपर्यंत ब्लास्ट केला. राखाडी, मंद, एकसारखा पृष्ठभाग आला पाहिजे. कुठे चमक राहिली तर तिथे जोड नाही असंच समजायचं.

झिरकोनियाच्या आत हेच केलं, पण दाब 1 बार. इथे जोर करून फायदा नाही. जास्त दाबाने मारलं की पृष्ठभागावरच्या स्फटिकांची रचना बदलते, ते सुमारे 4 टक्के फुगतात आणि आत बारीक भेगा पडू शकतात. सध्याचं जास्त पारदर्शक झिरकोनिया तर आणखी नाजूक. आतला मार्करचा रंग गेला की थांबायचं.

त्यानंतर दोन्ही तुकडे अल्ट्रासॉनिकमध्ये धुऊन कोरड्या स्वच्छ हवेने वाळवले. इथून पुढे बोट लावायचं नाही, ग्लोव्ह घातलेलंही नाही, फक्त चिमटा. आणि तसेच ठेवून जेवायला जायचं नाही. ताजा पृष्ठभाग जितका लवकर वापराल तितका बरा.

झिरकोनियात काच नसते, म्हणून पोर्सेलिनवर चालणारं हायड्रोफ्लोरिक ॲसिड आणि नुसतं सिलेन इथे काहीच करत नाही. लागतो तो एमडीपी नावाचा, ऑक्साइडला धरणारा रेणू असलेला प्रायमर. हा रेणू जपानच्या कुरारे कंपनीचा, 1983 मध्ये बाजारात आलेल्या पॅनाव्हियापासून दंतवैद्यकात वापरात आहे. त्याचं एक टोक झिरकोनिया किंवा टायटॅनियमवरच्या ऑक्साइडला धरतं आणि दुसरं रेझिनमध्ये गुंततं. म्हणजे एकच बाटली दोन्ही तुकड्यांना चालते. पातळ थर, 60 सेकंद थांबणं, मग हवेने उडवणं. डबकं साचू द्यायचं नाही.

सिमेंट निवडताना दोन गोष्टी पाहिल्या. ते स्वतःहून सेट होणारं हवं, कारण टायटॅनियमच्या बाजूने प्रकाश पोहोचत नाही. आणि ते अपारदर्शक हवं, नाहीतर धातूची सावली झिरकोनियातून झिरपते आणि एवढा खटाटोप ज्यासाठी केला तेच वाया जातं. खोलीचा एसी आधीच लावून ठेवला होता. उकाड्यात सिमेंट झपाट्याने घट्ट होतं, नाशिकच्या मे महिन्यात तर विचारूच नका.

बेसवर सिमेंटचा पातळ थर लावला, रेघेला रेघ जुळवून अबटमेंट खाली सरकवलं, किंचित इकडे-तिकडे फिरवत शेवटी घट्ट दाबून धरलं. कडेने सगळीकडून सिमेंट बाहेर आलं. एखाद्या बाजूने आलं नसतं तर तिथे पोकळी आहे असं धरून लगेच काढून पुन्हा केलं असतं. जादा सिमेंट छोट्या ब्रशने पुसलं आणि कडेवर ग्लिसरीन जेल लावलं. हवेतला ऑक्सिजन लागला की रेझिनचा बाहेरचा थर नीट सेट होत नाही, आणि तो थर नेमका हिरडीलगत येतो. त्याच वेळी स्क्रूच्या भोकातलं मेण आणि आत शिरलेलं सिमेंट काढून टाकलं. हे राहिलं तर स्क्रू पूर्ण बसत नाही आणि डॉक्टरांना वाटतं टॉर्क (स्क्रू आवळण्याचा ठरलेला जोर) आला.

सेट झाल्यावर जेल धुतलं, जोडाची कड रबर पॉलिशरने कमी वेगात, गरम होऊ न देता, पॉलिश केली. नखाला रेघ लागली नाही. क्राउन वेगळाच पाठवला, सोबत चिठ्ठी: अबटमेंट 134 अंशांवर ऑटोक्लेव्ह करून घ्या, स्क्रू नवाच वापरा, टॉर्क इम्प्लांटच्या कंपनीने सांगितलेलाच द्या.

मॅडमनी बसवून फोटो पाठवला आणि खाली दोन ओळींत पुढची केस लिहिली, खालची दाढ. मी लगेच फोन करून बेसची उंची विचारली. आता त्यांच्या क्लिनिकमधून येणाऱ्या फॉर्मवर ती आधीच लिहिलेली असते.