तुम्ही विचारलंत म्हणून: नवी सुसाट गाडी सोडून ही जुनाट बग्गी कशाला?

नाशिकच्या मखमलाबादच्या पुढे एन.ए. प्लॉट पाडून ठेवलेत, तिथल्या मुरमाच्या रस्त्यांवर मी रिमोटची बग्गी पळवत असतो. येणारा-जाणारा बाईक थांबवून दोन प्रश्न हमखास विचारतो: किती पळते आणि केवढ्याला पडली? तिसरा प्रश्न जाणकार पोरांचा. ‘काका, ब्रशलेस मोटरच्या, लिपो बॅटरीच्या सुसाट गाड्या मिळतात आता. तुम्ही ही १९८४ सालच्या डिझाइनची कशाला घेऊन बसलात?’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बालपणीच्या आठवणी वगैरे काही नाही, हे आधी सांगून टाकतो. जपान-अमेरिकेतल्या माझ्या वयाच्या छंदिष्टांना ते उत्तर शोभतं. त्यांच्या घरी, निदान शेजारच्या पोराकडे तरी, ही गाडी होती. आम्ही सिडकोत वाढलो. चावीची गाडी मिळाली तरी ती आठवडाभर गल्लीला दाखवत फिरायचो. टामिया या जपानी कंपनीची बग्गी मी पहिल्यांदा हातात घेतली तीच मुळात डोक्यावरचे केस विरळ झाल्यावर.

मला आवडतो तो तिचा वेडेपणा. टामियाची ग्रासहॉपर घ्या, तीच ही १९८४ सालची. हिच्या मागच्या बाजूला गिअरबॉक्स, मोटर आणि दोन्ही चाकं मिळून एकच जड लोळा आहे, आणि तो आख्खाच्या आख्खा वर-खाली होतो. डावं चाक दगडावर चढलं की उजव्यालाही त्याची शिक्षा. खडबडीत रस्त्यावर ती धावण्यापेक्षा टुणटुण उड्या जास्त मारते. नाकतोड्याचं नाव तिनं सार्थ केलंय. वजन सगळं मागे, त्यामुळे थ्रॉटल दाबला की नाक हलकं होतं आणि पुढची चाकं वळवलीत तरी गाडी सरळच जाते. मग शिकावं लागतं: वळणाआधी बोट सैल सोडायचं, वजन पुढे आलं की लगेच स्टिअरिंग द्यायचं, गाडीचं तोंड वळलं की पुन्हा दाबायचं. हे जमलं की मागची काटेरी टायरं मुरूम उडवत अशी काही फिरतात, की बघणारा चहा विसरतो. वेग म्हणाल तर जोरात सायकल हाणणाऱ्या माणसाइतका. पण मैदानातल्या छोट्या वळणावर तेवढाही पुरून उरतो.

नव्या गाडीत हे काम डिझाइन करणाऱ्यानं आधीच करून ठेवलेलं असतं. चारही चाकं स्वतंत्र, धक्के गिळणारे तेलाचे शॉक, वजन मधोमध. थ्रॉटल दाबा, गाडी गेली. उत्तमच गाडी आहे ती, शर्यतीला मीही तीच नेईन. पण एकट्यानं मोकळ्या जागेत तिची मजा पहिली बॅटरी संपेपर्यंतच टिकते, असं माझं मत. पटत नसेल तर दोन्ही पळवून बघा.

जुन्यांमध्येही प्रत्येकीचा स्वभाव निराळा. हॉर्नेट ही ग्रासहॉपरचीच बहीण, खालचा टब, म्हणजे सांगाडा, तोच. पण ३८० च्या जागी मोठी ५४० मोटर आणि मागे तेलाचे डँपर, म्हणजे शॉकच, म्हणून जास्त आगाऊ. १९८५ सालची हॉटशॉट ही चारही चाकं ओढणारी. पुढे एक आणि मागे एक एवढ्याच शॉकवर तिचा कारभार. त्याच वर्षीची क्योशो या दुसऱ्या जपानी कंपनीची ऑप्टिमा चक्क साखळीवर चालायची. प्रत्येक इंजिनिअर आपापल्या परीनं अंदाज बांधत होता, बरोबर उत्तर अजून कुणालाच सापडलेलं नव्हतं. आजच्या गाड्या एकमेकींसारख्या दिसतात, कारण उत्तर सापडलं.

आता खरी जुनी की कंपनीनं त्याच डिझाइनची पुन्हा काढलेली? मी पळवतो त्या सगळ्या पुन्हा काढलेल्या. हॉर्नेट २००४ साली परत आली, ग्रासहॉपर आणि टामियाचीच आणखी एक जुनी बग्गी फ्रॉग २००५ मध्ये, हॉटशॉट २००७ मध्ये. आपलं सगळं आयुष्य सातपूरच्या टूलरूममध्ये, साचे बनवण्यात, गेलेलं, त्यामुळे जोडायच्या सुट्या भागांचा संच उघडला की मी आधी प्लॅस्टिकवरच्या साच्याच्या खुणाच, पार्टिंग लाइन आणि इजेक्टर पिनच्या, बघत बसतो. बायको म्हणते, घरीसुद्धा इन्स्पेक्शन! डिझाइन जुनं, पण विजेचा भाग बदललाय, आणि ते फार बरं झालं. मूळ गाड्यांत वेग बदलायला सर्व्होनं, म्हणजे रिमोटवर हलणाऱ्या छोट्या मोटरनं, सरकणारा यांत्रिक स्विच असायचा. कमी वेगात बॅटरीची ताकद रेझिस्टर तापवण्यात जायची. आता इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर येतो. रेडिओही २.४ गिगाहर्ट्झचा लावतो. २७ मेगाहर्ट्झच्या काळात दोघांचा क्रिस्टल, म्हणजे रेडिओचा चॅनल, एकच निघाला तर एकाला गप्प बसावं लागायचं. मूळ १९८४ सालचा न वापरलेला संच कुणाकडे असेल तर त्यानं तो कपाटात ठेवावा. त्याचं प्लॅस्टिक आता ठिसूळ झालेलं असणार. पुन्हा काढलेली गाडी मात्र कपाटात ठेवणाऱ्यांचं मला काही कळत नाही. बंपर तुटला तर नवा मिळतो, तेवढ्यासाठीच तर ती परत काढली आहे!

नाशिक या खेळाला तसं सोयीचं. मुरूम घट्टही असतो आणि वरून सुटाही, म्हणजे गाडी घसरते पण हातातून जात नाही. गंगापूर रोडच्या मागची काळी माती पावसाळ्यात नकोच. चाकं माखून लाडू होतात. उन्हाळ्यातली धूळ वेगळी खोडी काढते. संचासोबतचे साधे बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या कड्या, ती पीठ दळावं तसे झिजवते, म्हणून ते काढून ११ बाय ५ मिलिमीटरचे बंद बेअरिंग घालायचे.

घ्यायचीच असेल तर ग्रासहॉपरपासून सुरुवात करा. घरात पोरं असतील तर जोडणी त्यांनाच करू द्या. हॉर्नेट घेतलीत तर एक लक्षात ठेवा: तिची बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची, रंग आतून मारायचा. म्हणजे वरची नक्षी आधी आणि मूळ रंग शेवटी. ग्रासहॉपरची बॉडी कडक प्लॅस्टिकची, तिला रंग बाहेरून. आणि गाडीच्या आधी जपानी मापाचा, जेआयएसचा, स्क्रू-ड्रायव्हर मागवा. आपल्याकडचा साधा फिलिप्स त्या स्क्रूंची डोकी खाऊन टाकतो, मग ते काढायला माझ्याकडेच घेऊन याल.