जेट कार्ड घेताना तासाचा दर शेवटी बघा

जेट कार्ड म्हणजे उड्डाणाचे तास आगाऊ पैसे भरून घेण्याचं खासगी जेटचं सभासदत्व. ते घेणारे आधी तासाचा दर विचारतात. पण बिल फुगतं ते करारातल्या किमान आकारणीमुळे, आणि ते कलम बहुतेकांच्या नजरेतून सुटतं.

समजा 25 तासांचं कार्ड आहे आणि तुमचं नेहमीचं उड्डाण 48 मिनिटांचं. त्यात टॅक्सीची, म्हणजे विमान जमिनीवर धावपट्टीपर्यंत नेण्या-आणण्याची, 12 मिनिटं धरण्याची पद्धत सर्रास आहे: निघताना सहा, उतरल्यावर सहा. झाला एक तास, म्हणजे 25 उड्डाणं असं वाटतं. लाइट जेटला (छोट्या जेटला) किमान दीड तास आकारत असतील तर मात्र 16च उड्डाणं होतात आणि उरलेल्या एका तासात पुढचं एकही बसत नाही. म्हणून किमान आकारणी प्रत्येक उड्डाणाला आहे की दिवसाला, हे लेखी घ्या. दिवसाला असेल, तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्याचे तीनऐवजी दोनच तास कापले जातात.

मग पीक दिवसांची यादी मागा. सणासुट्ट्यांच्या त्या तारखांना बुकिंग बरंच आधी करावं लागतं, सुटण्याची वेळ कंपनी काही तास पुढेमागे करू शकते, वर अधिभार असतो. यादीत 20 तारखा आहेत की 60, यावर कार्डाची खरी किंमत ठरते. हिवाळ्यात विमानावरचा बर्फ काढण्याचा खर्चही अनेकदा वेगळा लागतो.

एम्प्टी लेग (विमान रिकामं जाणार असलेली फेरी) स्वस्त मिळतो, पण तो दुसऱ्याच्या प्रवासाला बांधलेला. त्याने बेत बदलला की तुमचं उड्डाण गेलं. लग्न किंवा शस्त्रक्रियेसाठी निघणाऱ्याने त्यावर मुळीच विसंबू नये.

सगळ्यात जपायची ती आगाऊ रक्कम. जेटसूट ही अमेरिकी कंपनी एप्रिल 2020 मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा सभासदांचे भरलेले पैसे अडकले. पैसे एस्क्रो खात्यात (तिसऱ्याकडच्या वेगळ्या, राखीव खात्यात) राहतात की कंपनीच्या रोजच्या खर्चात जातात, हे आधी विचारा. उत्तर गोलमोल आलं तर सही करू नका. कार्ड विकणारा कधीकधी फक्त ब्रोकर असतो, विमान तिसऱ्याचंच असतं. अशा वेळी प्रत्येक उड्डाणाआधी ऑपरेटरचं, म्हणजे विमान चालवणाऱ्या कंपनीचं, नाव आणि तिचं आर्गस किंवा वायव्हर्न या संस्थांचं सुरक्षा मानांकन मागून घ्या.

वर्षाला 50 तासांच्या वर उडणाऱ्याने विमानातल्या हिश्शाचाही हिशोब करावा. सोळाव्या हिश्शाला साधारण तेवढेच तास मिळतात.