काळी स्क्रीन आणि आधीच्या बूटचा लॉग
आज दिवसभर माझ्या लिनक्स लॅपटॉपमधल्या एका बगच्या मागे होते. लॅपटॉप सस्पेंडमधून (झोपेतून) जागा केला की स्क्रीन काळीच राहते. पंखा फिरतो, कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो, पण चित्र काही येत नाही. म्हणजे मशीन जिवंत आहे, अडकलाय तो डिस्प्ले. हे डेव्हलपरना पाठवायच्या बग रिपोर्टमध्ये लिहायलाच हवं. नुसतं 'हँग झाला' म्हटलं तर कुणाला काय कळणार?

रीस्टार्टनंतर बरेच जण आत्ताचाच लॉग (सिस्टीमच्या नोंदी) बघतात, पण पुरावा असतो आधीच्या बूटमध्ये, म्हणजे रीस्टार्टच्या आधी मशीन चालू होतं तेव्हाच्या नोंदींत. जर्नलसीटीएल या लॉग दाखवणाऱ्या कमांडला 'वजा बी वजा एक' (-b -1) दिलं की तो मिळतो. तिथे ग्राफिक्स ड्रायव्हरच्या लाल ओळींची रांगच लागली होती! मग मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल (सिस्टीमचा गाभा) निवडला आणि सगळं सुरळीत. जुन्यात चालतं, नव्यात मोडलं, ही माहिती डेव्हलपरसाठी सोन्यासारखी. गिट बायसेक्ट या कोडमधला दोषी बदल शोधणाऱ्या साधनाने दरवेळी निम्मे बदल वगळत गेलं, तर हजार बदलांतला दोषी साधारण 10 चाचण्यांत सापडतो.

रिपोर्ट लिहिता लिहिता संध्याकाळ झाली. आधी कुणी हेच नोंदवलंय का ते शोधलं. मग पायऱ्या, दोन्ही कर्नलच्या आवृत्त्या, ग्राफिक्स कार्डचं मॉडेल, लॉग. लॉगमधून युजरनेम आणि वायफायचं नाव आधी काढून टाकलं (तुम्हीही आवर्जून काढा). पलीकडे वाचणाऱ्याच्या हातात माझा लॅपटॉप नाही, म्हणून पॅच (दुरुस्तीचा कोड) आला की लगेच टेस्ट करून कळवते, असंही खाली लिहिलंय.