बांद्र्याची वाट आणि काकूंचा प्रश्न

सप्टेंबरातली बांद्र्याची जत्रा म्हणजे आमच्या घरात वारीच. अंधेरीहून मोतमावलीपर्यंत, म्हणजे बांद्र्याच्या टेकडीवरच्या मारियामातेच्या चर्चपर्यंत चालत जायचं, चपला घरी ठेवून, आजीपासूनची पद्धत. दहाएक किलोमीटर, पंढरीला जाणारे हसतील, पण एस. व्ही. रोडवरची खोदकामाची खडी अनवाणी पायाला टोचली की कळतं. यंदा सोबत शेजारच्या काकू होत्या. त्यांनी आळंदी ते पंढरपूर दोनदा केलंय, आता काकांच्या गुडघ्यासाठी मावलीला नवस बोलल्यात म्हणून आल्या.

सांताक्रूझला चहा घेताना त्यांनी विचारलं, "अरे, येशू तुमचा देव ना, मग ते मसीहा मसीहा काय असतं? पिक्चरमधे दाखवतात तसा गरिबांचा कैवारी?"

इतकी वर्षं रविवारी मिस्साला जातोय आणि मी अडकलो की! मग तेलापासून सुरुवात केली. हिब्रूत मसीहा म्हणजे ज्याला तेल लावून अभिषेक केला तो. राजाला करायचे, याजकाला करायचे, राजा होणाऱ्या दाविदाच्या डोक्यावर शमुवेल संदेष्ट्यानं तेल ओतलं तसं. ग्रीकमधे त्याचंच ख्रिस्त झालं, म्हणजे ख्रिस्त हे येशूचं आडनाव नाही, पदवी आहे (मलापण कॉलेजात कळलं हे). आमच्यात बाप्तिस्म्याला बाळाच्या डोक्याला पवित्र तेल लावतात, ते त्यातलंच.

"म्हणजे राजाच की," काकू म्हणाल्या.

इथेच तर घोळ आहे. तेव्हाच्या ज्यू लोकांनापण राजाच हवा होता, इ.स.पू. 63 पासून रोमन लोक डोक्यावर बसलेले, दाविदाच्या वंशातला कोणीतरी येईल आणि त्यांना हाकलेल अशी आस. आणि येशू काय म्हणतो, तर मी दुःख सोसणार, मारला जाणार, तिसऱ्या दिवशी उठणार. त्याच्या पेत्र नावाच्या शिष्यानं तू ख्रिस्त आहेस म्हणून ओळखलं त्याला, आणि लगेच हे ऐकून येशूलाच बाजूला घेऊन दटावायला लागला. ज्यू लोक आजही त्याला मसीहा मानत नाहीत. आम्ही मात्र बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 53 वा अध्याय वाचतो, दुसऱ्यांच्या पापांसाठी जखमी होणारा तो सेवक, आणि म्हणतो की तो हाच.

खार गेलं तरी मी बोलतोच होतो. मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, हे सगळं चालता चालताच घडतं, वर यरुशलेमला जाताना, वल्हांडण या ज्यूंच्या सणाच्या आधी, म्हणजे त्यांचीपण वारीच म्हणा. येशू पुढे, शिष्य मागे घाबरलेले. मरणाचं सांगून झालं तोच त्यातले दोघे, याकोब आणि योहान, येऊन म्हणतात, तुझ्या वैभवात आम्हाला एकाला उजवीकडे एकाला डावीकडे बसव.

"मंत्रिपदं!" काकू खळखळून हसल्या.

तेव्हा तो म्हणतो, मी सेवा करून घ्यायला नाही, करायला आलोय, आणि पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला. खंडणी ऐकून काकू थबकल्याच, मुंबईत त्याचा अर्थ वेगळा ना. मी म्हटलं इथे मागणारा तो नाही, भरणारा तो, पापात अडकलेल्यांना सोडवायला. आणि पुढे क्रुसावर त्याच्या उजव्या-डाव्या हाताला कोण होतं, तर दोन लुटारू.

यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. हिल रोडला गर्दी सुरू झाली, मेणाचे हात, पाय, बाळं, घरं मांडलेले स्टॉल. काकूंनी पाय घेतला, घासाघीस करून.

"तू काय घेतलंस?"

माझ्या पिशवीत मेणाचं घर होतं, टू बीएचके मिळावा म्हणून, दरवर्षी नेतो. दाखवलं. त्या म्हणाल्या, "उजवीकडचा का डावीकडचा रे?"

काय बोलणार. पायऱ्यांवर पाऊस जोरात आला, पिशवी पोटाशी धरून चढलो, आणि वर मावलीपुढे घर ठेवलंच.